उणे चिन्ह खोडू नकोस

प्रिय,

नवतपा सुरू आहे, दुपारी कूलरसमोर बसून तुझं पत्र दोनदा वाचलं. टॉपॉलॉजिकल इन्सुलेटरच्या नॅनोवायरमधला, म्हणजे अतिसूक्ष्म तारेतला, थर्मोइलेक्ट्रिक प्रवाह (टोकांच्या तापमानातल्या फरकाने वाहणारी वीज) हा विषय तू घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. पण एक ओळ खटकली. गरम टोकाचं तापमान वाढवत नेलं की प्रवाह उलटा येतो, "प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक असणार" म्हणून चिन्ह बदलून टाकलं, असं लिहितेस. ते आधी होतं तसं कर.

बी.एस्सी.चं तांबं-लोखंडाचं थर्मोकपल आठव: दोन धातूंच्या तारा दोन ठिकाणी जोडलेल्या, आणि वीज दाखवणारा काटा. एक जोड बर्फात, दुसरा भट्टीत. काटा चढत जातो, 270-280 अंशांच्या आसपास थबकतो, मागे फिरतो आणि तापवतच राहिलं तर शून्य ओलांडून पलीकडे जातो. झेबेकने 1821 मध्ये हा थर्मोइलेक्ट्रिक परिणाम शोधला, त्यानंतर दोनच वर्षांनी कमिंगने हे उलटणं पाहिलं होतं. मी शिकत होतो तेव्हा एप्रिलातल्या एका प्रॅक्टिकलला बर्फ संपला. थंड जोड नुसत्या पाण्यात, आणि नागपूरचं ते पाणी 40 अंशांचं. थंड जोड 40 अंश वर गेला, की उलटण्याचं तापमान तेवढंच खाली येतं. हे मला माहीत नव्हतं. काटा अपेक्षेआधीच पलीकडे गेला, तेव्हा मी वहीतली उणे चिन्हं रबराने खोडली. त्या पानात खरं भौतिकशास्त्र होतं आणि मी ते पुसलं, याचं आजही वाईट वाटतं.

तुझ्या तारेत कारण वेगळं आहे. ती पोटात विद्युतरोधक, वीज वाहते ती फक्त पृष्ठभागावरून. इलेक्ट्रॉनची लाट परिघाभोवती फिरून स्वतःशी जुळावी लागते, म्हणून ऊर्जेचे ठरावीक पट्टे पडतात. फर्मी ऊर्जेच्या (अतिशय थंड तारेत इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या पातळीच्या) वर गरम टोकाकडून येणारे इलेक्ट्रॉन जास्त, खाली थंड टोकाकडून येणारे. या दोन ओघांची वजाबाकी म्हणजे तुझा प्रवाह. ऊर्जेबरोबर इलेक्ट्रॉनला जायच्या वाटा, म्हणजे त्या ऊर्जेवर मिळणारे पट्टे, वाढतच गेल्या तर वरचा ओघ जिंकतो. पण तारेला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टे वाकतात, वाटांची संख्या वाढून पुन्हा घटते. तापमान वाढलं की तो घटता भागही हिशेबात येतो आणि चिन्ह फिरतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनांत तर तारेत माफक अशुद्धी असूनही हे उलटणं टिकलेलं दिसतं.

तरी तपासल्याशिवाय मानू नकोस. दोन्ही टोकांना सारखं तापमान दे, प्रवाह शून्यच यायला हवा. मग टोकांची अदलाबदल कर. एकसारख्या तारेत आकडा तोच राहून फक्त चिन्ह बदललं पाहिजे. शेवटी क्षेत्र शून्यावर आण. अशुद्धी नसलेल्या तारेत तिथे उलटणं दिसायला नको. दिसलं, तर मात्र प्रोग्रॅम उघड.

रविवारी सकाळी सातच्या आत घरी ये, नंतर ऊन सोसवत नाही. बदललेला आलेख राहू दे, मूळचा आण.

तुझा,
सर