हिरव्या चहाच्या गुळण्यांनी कवळीखालची बुरशी जाते का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईंचं वय सत्तरीचं, मधुमेह आहे, कवळीखालची टाळू लालभडक होते. दंतवैद्यांनी कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग सांगून क्लोट्रिमाझोल हे बुरशीरोधक औषध लावायला दिलं. औषध थांबलं की थोड्या दिवसांत पुन्हा तेच. हिरव्या चहाचा अर्क कॅन्डिडा मारतो असा मेसेज फिरतोय, तर औषध सोडून गुळण्या केल्या तर चालेल का?

औषध सोडू नका. पण मेसेजमधला मूळ दावा थाप नाही, चहाचा अर्क कॅन्डिडाला खरोखर रोखतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रकल्पासाठी हा विषय घेणारे विद्यार्थी नेहमीच भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रयोगशाळेत काय दिसतं ते आधी सांगते. सॅबुरो अगार म्हणजे बुरशी वाढवायचं जेलीसारखं माध्यम, त्याच्या प्लेटवर कॅन्डिडा पसरायचा, अगारात छोटी भोकं पाडायची, त्यांत अर्क भरायचा आणि प्लेट ३७ अंशांना ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी प्लेटभर सायीसारखा पांढरट थर आलेला असतो. अर्क दमदार असेल तर भोकाभोवती स्वच्छ वलय राहतं, तिथे काहीच उगवलेलं नसतं. ते बघून मुलं हरखून जातात, आणि जावंच. मी मात्र पहिलं विचारते, नुसतं अल्कोहोल भरलेलं भोक कुठाय? अर्क बहुतेक वेळा अल्कोहोलात किंवा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो आणि ते स्वतःच कॅन्डिडाला मारक आहे. ही तुलना नसेल तर वलय चहाचं की अल्कोहोलचं हे सांगता येत नाही. शिवाय असा अर्क आटवून घट्ट केलेला असतो. घरी कपात गाळतो तो चहा त्याच्या जवळपासही नसतो.

आता चहात नेमकं काय असतं? हिरव्या चहात कॅटेचिन नावाची द्रव्यं भरपूर असतात. त्यातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात प्रभावी म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, लघुरूप ईजीसीजी. पेशीला डीएनए बनवायला फोलेट लागतं. फोलेटच्या चक्रातल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, ईजीसीजी अडवतं, असं कॅन्डिडात दिसून आलंय. आपल्या घरातली सीटीसी पावडर वेगळी. ती बनताना पानं चुरडून हवेवर ठेवतात, बरीचशी कॅटेचिन बदलतात आणि थिआफ्लेविन, थिआरुबिजिन तयार होतात. चहाचा तांबूस रंग त्यांचाच. थिआफ्लेविनही कॅन्डिडाविरुद्ध काम करतात. श्रीलंका आणि हाँगकाँगच्या संशोधकांनी २००९ मध्ये तसं दाखवलं होतं. म्हणजे गुण फक्त हिरव्या चहातच आहे असं नाही. पण आपण त्यात दूध घालतो, आणि दुधातलं केसीन ही द्रव्यं धरून ठेवतं. वर साखर. कॅन्डिडाला साखर मानवते, आणि साखर मिळाली की तो कवळीच्या ॲक्रिलिकला अधिक घट्ट चिकटतो. दिवसातून चार वेळा दूधसाखरेचा चहा म्हणजे औषध नव्हे, कॅन्डिडाला खुराक आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जपानमधल्या हिरासावा आणि ताकादा यांचा २००४ मधला अभ्यास. त्यांनी ईजीसीजीचा परिणाम वेगवेगळ्या सामूला, म्हणजे पीएचला, तपासला. सामू ७ असताना लिटरला साधारण १५ ते २५० मिलिग्रॅम ईजीसीजीने कॅन्डिडाची ९० टक्के वाढ थांबली. सामू ६ वर आला, म्हणजे जरासा आंबटपणा वाढला, तर त्याच कामाला लिटरला २००० मिलिग्रॅम लागले. या एका आकड्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. कवळीखाली लाळ फिरत नाही, अन्नाचे कण अडकतात, जंतू आणि कॅन्डिडा आम्ल सोडत राहतात. तिथला सामू उतरलेलाच असतो. आणि कपभर हिरव्या चहात ईजीसीजी असतं ढोबळमानाने ५० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिलिटरचा कप धरला तर लिटरला अडीचशे ते पाचशे. सामू ७ ला ते पुरेल, कवळीखाली नाही.

दुसरी अडचण वेळेची. प्रयोगात कॅन्डिडा तासन् तास अर्कात बुडालेला असतो. चूळ भरली तर चहा तोंडात राहणार अर्धा मिनिट. त्यातही लाळेतली प्रथिनं कॅटेचिनला लगेच धरतात. कोरा हिरवा चहा प्यायल्यावर जीभ तुरट, कोरडी लागते ना, ती हीच क्रिया. तुरट लागतं त्या क्षणी औषधी द्रव्याचा काही भाग लाळेत अडकून वाया गेलेला असतो.

तिसरी अडचण, आणि आईंच्या बाबतीत मला हीच मुख्य वाटते, ती कवळीची. ॲक्रिलिक डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतं. त्या खाचांत कॅन्डिडा चिकट थर करून राहतो. या थरातल्या पेशी सुट्या पेशींपेक्षा औषधाला कितीतरी कमी दाद देतात. टाळू बरी होते, कवळी परत बसवली की संसर्गही परत बसतो. औषध थांबवल्यावर पुन्हा तेच का होतं, याचं कारण बहुधा इथेच आहे.

म्हणून माझं सांगणं असं. रात्री कवळी काढून ठेवायचीच. खूप जणींना दात नसलेलं तोंड घरच्यांना दाखवायला संकोच वाटतो म्हणून त्या कवळी घालूनच झोपतात. आईंशी याबद्दल प्रेमाने बोला. रोज मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतली बाजू घासायची, टूथपेस्टने नको, तिने चरे पडतात. उकळत्या पाण्यात अजिबात टाकू नका, कवळी वाकडी होईल. बुडवून ठेवायचं द्रावण दंतवैद्यांना विचारून घ्या, कारण कवळीत धातू असेल तर ब्लीचचं द्रावण चालत नाही. औषध टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही लावा, आणि लाली गेली तरी सांगितले तितके दिवस पूर्ण करा. कवळी जुनी आणि ढिली झाली असेल तर ती घासत राहते, टाळू दुखावते, मग कॅन्डिडाचं फावतं. तेही दाखवून घ्या. साखर किती आहे हे रक्त तपासून बघा, ती आटोक्यात नसेल तर बाकी सगळं करूनही त्रास परत येतो. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेत असतील तर घेतल्यावर चूळ भरून टाकायची.

मग चहाचं काय? औषधाच्या जोडीला, जेवणानंतर कवळी काढून, बिनसाखरेच्या कोमट हिरव्या चहाने चूळ भरली तर माझी हरकत नाही. उलट हिरासावा-ताकादांच्या त्याच अभ्यासात ईजीसीजीसोबत बुरशीरोधक औषधं कमी मात्रेतही काम करत होती. फ्लुकोनॅझोलला न जुमानणारा कॅन्डिडासुद्धा दोन्ही मिळून रोखला गेला. चहाचं भवितव्य मला तिथे दिसतं, औषधाच्या जोडीला. कवळीखालच्या संसर्गावर अर्काच्या गुळण्या माणसांवरही तपासल्या गेल्यात, इराणमध्ये निस्टॅटिन या बुरशीरोधक औषधाशी तुलना झाली आणि निकाल आशादायक होते, पण रुग्ण मोजके होते. आणि तो मोजून बनवलेला अर्क होता, टी-बॅग नव्हती. चहाने कवळीवर डाग पडतात, म्हणून नंतर ती धुऊन घ्या.

हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नका. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसू लागतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलंय. टी ट्री ऑइल हे चहाचं तेल नव्हे, ते ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्याच झाडाचं असतं आणि पोटात गेलं तर विषारी ठरतं. कोंबुचाही नको, त्यात जिवंत यीस्ट असतात.

आईंना गिळताना दुखत असेल, पांढरे चट्टे घशाकडे सरकत असतील किंवा पूर्ण औषध करूनही दोन आठवड्यांत फरक नसेल, तर स्वॅब घेऊन कल्चर करायला सांगा. कॅन्डिडाच्या काही जाती नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, आणि नेमकी कोणती जात आहे हे कळलं की डॉक्टरांना औषध बदलता येतं.