थंडरबर्डमध्ये मेल येतात, पण पाठवताना 'टाइम्ड आउट' होतं. पासवर्ड बरोबर आहे. सुरक्षा बंद करून बघू का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: मेल स्वतःच्या डोमेनचा आहे, होस्टिंगवाल्याकडून घेतलेला. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये आवक व्यवस्थित चालू आहे. पाठवायला गेलं की बराच वेळ चक्र फिरतं आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. जावक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) 465 आणि सुरक्षा स्टार्टटीएलएस. पासवर्ड बदलून झाला, वेबमेलवर तोच पासवर्ड चालतो. म्हणून आता सुरक्षेच्या जागी सरळ 'नन' निवडू का, असं तुम्ही विचारताय.

'नन' अजिबात नको. आणि पासवर्डलाही आता हात लावू नका, त्याचा या दुखण्याशी काही संबंध नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे सगळ्यात खाली 'आउटगोइंग सर्व्हर' आहे, तिथे जा. 465 तसंच राहू द्या आणि 'कनेक्शन सिक्युरिटी'मध्ये स्टार्टटीएलएस काढून एसएसएल/टीएलएस निवडा. बहुधा तेवढ्यावर भागेल.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. 465 वरचा सर्व्हर जोडणी झाल्यावर गप्प बसतो. समोरच्याने येताक्षणी एन्क्रिप्शनची, म्हणजे संभाषण कुलूपबंद करण्याची, बोलणी सुरू करावीत, अशी त्याची अपेक्षा असते. स्टार्टटीएलएसमध्ये क्रम उलटा. आधी सर्व्हर साध्या मजकुरात 220 या आकड्याने सुरू होणारी सलामी देतो, मग थंडरबर्ड स्वतःची ओळख सांगतं, मग 'स्टार्टटीएलएस' अशी आज्ञा देतं आणि तिथून पुढचं संभाषण कुलूपबंद होतं. तुमच्याकडे थंडरबर्ड सलामीची वाट बघतंय आणि सर्व्हर एन्क्रिप्शनच्या पहिल्या संदेशाची. लखनवी 'पहले आप, पहले आप' चाललंय आणि गाडी सुटून जातेय. पासवर्ड विचारण्याची वेळच आलेली नाही, मग तो कितीही वेळा बदलला तरी काय फरक पडणार?

याच्या उलट गफलत, म्हणजे 587 या मेल पाठवण्याच्या दुसऱ्या पोर्टवर एसएसएल/टीएलएस, केली तर वाट बघावी लागत नाही, त्रुटी लगेच अंगावर येते. कारण सर्व्हर साध्या मजकुरात सलामी देऊन मोकळा होतो आणि थंडरबर्डला तिथे एन्क्रिप्ट केलेला प्रतिसाद हवा असतो. त्रुटीचा मजकूर वाचण्याआधी ती किती वेळाने आली हे बघायची सवय मला त्यामुळेच लागली आहे.

या जोड्या इतक्या लोकांच्या उलटसुलट होतात यात लोकांचा फारसा दोष नाही. 465 हा आकडा 1997 मध्ये सुरक्षित एसएमटीपीसाठी (मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी ती नोंद मागे घेतली गेली. मग 587 आणि स्टार्टटीएलएस हा राजमार्ग ठरला. 465 मात्र कुणी सोडलंच नाही. शेवटी 2018 मध्ये आरएफसी 8314 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने त्याला पुन्हा मान्यता दिली, इतकंच नाही तर मेल पाठवण्यासाठी सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेली जोडणीच पसंत करावी असं सांगितलं. त्यामुळे जुन्या मदत-पानांवर एक सल्ला आणि नव्या पानांवर दुसरा, असा गोंधळ आहे. त्यात भर म्हणजे जुन्या आउटलुकच्या यादीत 'एसएसएल' आणि 'टीएलएस' असे दोन वेगळे पर्याय दिसतात, आणि तिथे 'टीएलएस'चा अर्थ स्टार्टटीएलएस असतो. 465 ला एसएसएल/टीएलएस, 587 ला स्टार्टटीएलएस. एवढं भिंतीवर चिकटवून ठेवलं तरी चालेल.

आता हे करूनही टाइम आउट होतच राहिलं, तर पोर्ट वाटेत अडवलं जातंय असं समजा. लॅपटॉप असेल तर ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर या आणि पाठवून बघा. मेल गेला तर ऑफिसचा राउटर, फायरवॉल किंवा ब्रॉडबँडवाला यांच्यापैकी कुणीतरी वाट बंद केली आहे. पोर्ट 25 तर घरगुती जोडणीवर स्पॅमच्या भीतीने बऱ्याच ठिकाणी बंदच असतो, त्याच्या नादी लागू नका. हॉटस्पॉटवरही नाही गेला, तर अँटीव्हायरसमधली मेल तपासणारी सोय थोडा वेळ बंद करून बघा. ती थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून सर्व्हरच्या प्रमाणपत्राऐवजी (त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करते, आणि त्यातून चित्रविचित्र त्रुटी निघतात.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण स्वतःच्या डोमेनवाल्यांना पुढचा खड्डा इथेच लागतो. जोडणी होते, पण थंडरबर्ड म्हणतं की सर्व्हरचं प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचं आहे. शेअर्ड होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर शेकडो डोमेन नांदत असतात. तुम्ही सर्व्हरचं नाव म्हणून 'मेल डॉट' आणि पुढे तुमचं डोमेन असं लिहिता, आणि प्रमाणपत्र असतं होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावाचं. समोर येणाऱ्या खिडकीत 'कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन' हे बटण मोहात पाडतं. ते दाबलं की मेल जाईल, पण समोर खरंच तुमचाच सर्व्हर आहे का, ही तपासणीच तुम्ही मोडीत काढलेली असेल. त्यापेक्षा होस्टिंगवाल्याला विचारा, 'प्रमाणपत्रावर जे नाव आहे ते एसएमटीपीसाठी वापरू का, की माझ्या डोमेनच्या मेल नावावर प्रमाणपत्र बसवून देता?' एवढा नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं मिळतं.

प्रमाणपत्र मुदतबाह्य किंवा 'अजून लागू नाही' असं दिसलं, तर आधी संगणकाचं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल मेला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि जगातली सगळी प्रमाणपत्रं एकदम खोटी ठरतात.

हे सगळं पार पडल्यावर मगच पासवर्डची पाळी येते, आणि तेव्हा सर्व्हर आकड्यात बोलतो. 535 म्हणजे नाव किंवा पासवर्ड नामंजूर. यूझरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता द्या, नुसता ॲटच्या आधीचा भाग बऱ्याच ठिकाणी चालत नाही. 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये 'नॉर्मल पासवर्ड' ठेवा. लोक घाबरून 'एन्क्रिप्टेड पासवर्ड' निवडतात, पण ती वेगळी आणि जुनी पद्धत आहे, अनेक सर्व्हरना ती येतच नाही. सगळी जोडणीच एन्क्रिप्ट झालेली असताना साधा पासवर्ड सुरक्षितपणे जातो. एकदा पासवर्ड बदललाय, तर थंडरबर्डच्या 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मध्ये एसएमटीपीची नोंद वेगळी असते, तीही काढून टाका. आवक चालू राहते आणि जावक जुनाच पासवर्ड पुढे करत बसते, हा प्रकार नेहमीचा.

550 किंवा 554 सोबत 'रिले'चा (तुमचा मेल पुढे दुसऱ्या सर्व्हरकडे पोचवण्याचा) उल्लेख असेल, तर बहुतेक वेळा तुम्ही लॉगिन न करताच पाठवू बघताय. आउटलुकमध्ये 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' हा चौकोन रिकामा राहिलेला असतो. थंडरबर्डमध्ये दुसरंच कारण निघू शकतं: जावक सर्व्हरची यादी खात्यांपासून स्वतंत्र असते आणि तुमचं खातं भलत्याच, जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत असतं. खात्याच्या पहिल्या पानावर तळाशी ते दिसतं.

कुणी जीमेल वापरत हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: तिथे 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांना नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅममध्ये चालत नाही. 'ओऑथ2' (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता ब्राउझरच्या खिडकीतून परवानगी देण्याची पद्धत) निवडा, नाहीतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड काढा. आउटलुक डॉट कॉमनेही 16 सप्टेंबर 2024 पासून साध्या पासवर्डची वाट बंद केली, तिथे ओऑथ2 च.

राहिला 'नन'चा प्रश्न. 465 वर तो चालणारच नाही. 587 वर बरेच सर्व्हर 530 देऊन आधी स्टार्टटीएलएस करा म्हणतात. आणि एखाद्या सर्व्हरने चालवून घेतलाच, तर तुमचा पासवर्ड बेस64 मध्ये जाईल, जे एन्क्रिप्शन नाही, नुसतं लिहिण्याचं वेगळं वळण आहे. रेल्वे स्टेशनच्या वायफायवर बसलेला कुणीही तो उलगडेल. तेव्हा थंडरबर्ड स्वतःच 'नॉर्मल पासवर्ड' या पर्यायाचं नाव बदलून 'पासवर्ड, ट्रान्समिटेड इनसिक्युअरली' करतं, ते उगाच नाही.

आणि एक: मेल पाठवल्यावर 'सेंट फोल्डरमध्ये प्रत ठेवता आली नाही' असं आलं, तर एसएमटीपीला दोष देऊ नका. मेल पोचलेला असतो, अडकलेली असते ती आयमॅपवरची (सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवायची) प्रत. अशा वेळी पुन्हा पुन्हा 'सेंड' दाबलं तर समोरच्याला एकच मेल चारदा जातो.