आज काय गंमत?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काउंटरवर बसायला लागून जेमतेम दोन महिने झाले आणि साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "जरा हसत जा, चेहरा काय असा सुतकी!" तेव्हापासून रोज आरशासमोर हसायचा सराव करतेस आणि स्वतःचं ते कसनुसं हसू पाहून आणखीच खट्टू होतेस. आधी तो सराव बंद कर.

मी ३१ वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत, म्हणून हक्काने सांगते. उसनं हसू हे काम आहे. आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून हेच मांडलं. ट्रॉली ढकलण्याइतकेच त्या हसण्याचेही श्रम होतात, फक्त ते कुणी मोजत नाही. तेव्हा संध्याकाळी गाल दुखले आणि जीव आंबून गेला, तर तुझ्यात काही कमी आहे असं समजू नकोस. पाय दुखतात तसंच ते. समोरच्याशी सभ्यपणे बोल, त्याचं काम नीट कर, एवढ्याचा पगार तुला मिळतो. साहेबांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

मुद्दाम हसण्याने काहीच होत नाही असंही नाही हं. २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ जणांवर केलेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसते ओठ ताणूनही मन किंचित हलकं होतं, असं त्यात दिसलं. किंचितच. तेवढ्यावर आयुष्य निघत नाही.

खरं हसू कुठून येतं, हा माझ्या आवडीचा विषय. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन पाहिलं होतं आणि १८६२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यांच्या लक्षात आलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपला हुकूम ऐकतो, पण डोळ्यांभोवतीचा मनात आनंद असल्याशिवाय हलत नाही. (काही जणांना तोही मुद्दाम आवळता येतो, हे पुढे दिसलं. नकलाकार सगळीकडे असतातच.) म्हणजे आरशासमोर तू चुकीच्या स्नायूला दामटते आहेस. डोळे हसायला हवे असतील तर डोळ्यांना काहीतरी दिसायला हवं.

आणि ते दिसत नाही, हीच तर तुझी तक्रार आहे. 'रोज तीच रांग, तेच अर्ज, हसण्यासारखं घडतंच काय?'

माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. फरक पडला तो आईमुळे. दिवसभर घरात एकटी असायची. मी दारात चप्पल काढते न काढते तोच विचारायची, "आज काय गंमत?" सुरुवातीला मी चिडायचे. कसली गंमत, डोकं उठलंय! पण ती रोज विचारायची आणि हिरमुसायची. मग नुसती तिच्यासाठी म्हणून दिवसातली एखादी गोष्ट मी लक्षात ठेवू लागले. एकदा अर्जाचा नवा गठ्ठा आला. त्यात 'खाडाखोड करू नये' ऐवजी 'खोडाखाड करू नये' असं छापलं होतं, म्हणून वरून आदेश आला आणि आम्ही ऑफिसातल्या दोघींनी बसून दोनशे अर्जांवर ती ओळ पेनने खोडून दुरुस्त केली. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काम करताना मला मात्र ते नुसतं वैतागवाणं वाटलं होतं. सांगताना कळलं, काय घडलं ते!

हळूहळू दुपारीच मनात यायला लागलं, हे आईला सांगायचं. ऐकणारं माणूस ठरलेलं असलं की नजर आपोआप शोधत राहते. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक अभ्यासक होते, त्यांनी हसण्याच्या नोंदी ठेवल्या. एकटं असण्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे ३० पट जास्त हसतो, आणि बहुतेक वेळा त्याआधी कुणी विनोदही केलेला नसतो. हसायला विनोदापेक्षा सोबत लागते.

'मोठं काहीतरी चांगलं घडलं की हसेन,' असंही तू लिहिलंस. जपून. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं होतं, की सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, कुणी केलेलं कौतुक, यात किती मजा येते? लॉटरी न लागलेल्या माणसांपेक्षा त्यांना ती कमी येत होती. बावीस म्हणजे फार नव्हेत, पण मला ते पटतं. बढती मिळाल्यावर मीही सहा महिने कशालाच हसले नव्हते.

एक मात्र पाळ. कुणाच्या अडाणीपणावरची किंवा अडचणीवरची गोष्ट घरी नेऊ नकोस. ते हसू नव्हे, ते माणसाचं हसं करणं. आणि ज्या दिवशी खरंच रडू येत असेल, त्या दिवशी गंमत शोधायची नाही. आई गेली त्या वर्षी मी ती शोधली नाही.

आता तुला विचारणारं कुणी तिथे नाही, म्हणून मी विचारत जाईन. आजची माझी घे. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. सेल बदलला, वेळ लावायला दुसरं घड्याळ पाहिलं, तर तेही बंद. फोन कुठे ठेवला ते आठवेना. शेजारची सहा वर्षांची पोर जिन्यात बसली होती, तिला विचारलं, किती वाजले गं? तिने बाही वर केली, मनगटावर पेनने काढलेल्या घड्याळाकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाली, "दहा वाजून दहा." मी आभार मानून घरात आले आणि घड्याळ तेवढ्यावर लावलं. संध्याकाळ झाली तरी अजून बदललेलं नाही.

उद्या तुझी पाळी.

तुझी,
मावशी