शेणात हात घालायला साठ हजार?

"ताई, मी 24 वर्षांची. पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते, दीड वर्ष झालं. सकाळी लॅपटॉप उघडला की पोटात गोळा येतो. मध्यंतरी पर्माकल्चरचे, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या टिकाऊ शेतीचे, व्हिडिओ बघायला लागले आणि वाटलं, हेच करायचंय. तेलंगणात एका शेतावर डिसेंबरपासून दोन महिन्यांचं निवासी प्रशिक्षण आहे. राहणं-जेवण धरून फी साठ हजार. कंपनी एवढी रजा देणार नाही, म्हणजे राजीनामाच. शिल्लक 1 लाख 80 हजार आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता 11 हजार, अजून चौदा हप्ते बाकी. गुहागर तालुक्यात आमची माड-पोफळीची वाडी आहे, ती काका बघतात. आई म्हणते, 'मी शेणात हात घालून वर आले, आणि तू पैसे भरून परत त्यात हात घालणार?' जाऊ का?
– मातीवेडी"

मातीवेडी,

जा. पण डिसेंबरात नको, दोन महिन्यांसाठी नको आणि राजीनामा देऊन तर नकोच नको.

पैशाचं आधी उरकून टाकू. साठ हजार फी, दोन हप्त्यांचे बावीस हजार आणि खोलीचं भाडं. ते तू लिहिलं नाहीस, पण वाटणीचं महिना आठ हजार धरते, म्हणजे सोळा. परत येशील तेव्हा हातात 82 हजार उरतील. हप्ता, भाडं, जेवणखाण मिळून महिन्याला तीस हजार सहज जातात. पावणेतीन महिन्यांत खडखडाट, आणि तेवढ्यात शेतातून मेथीच्या चार जुड्यांपलीकडे काही निघत नाही.

आता त्या पोटातल्या गोळ्याकडे येते. तुझ्या पत्रात नोकरीबद्दल एवढं एकच वाक्य आहे. कंटाळा कामाचा आलाय, साहेबाचा, की संध्याकाळी रिकाम्या खोलीत परतण्याचा, ते तू लिहिलं नाहीस. साहेबाचा असेल तर त्यावर औषध दुसरी कंपनी, पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले समपातळी चर नव्हेत. हे एकदा स्वतःशी नीट बोलून घे. शेतावर पहाटे साडेपाचला उठून दुपारी पाठ धरली की तिथेही कुणीतरी साहेब असतोच, फक्त त्याच्या अंगावर खादीचा कुडता असतो.

तरीही 'जा' म्हणते, कारण काही गोष्टी हाताशिवाय कळत नाहीत. उतारावर समपातळी रेघ आखायच्या ए-फ्रेमचंच घे. तीन काठ्या 'ए'सारख्या बांधायच्या, टोकाला दोरी आणि दोरीला दगड. दोन पायांवर उभी करून दोरी आडव्या काठीला कुठे लागते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. व्हिडिओत हे दीड मिनिटाचं काम. प्रत्यक्षात वारा दगड हलवतो, उतारावर पाय घसरतो आणि पहिल्या दिवशी आखलेली रेघ दुसऱ्या दिवशी चुकलेली निघते. मी स्वतः गच्चीवर पिंपात खत करायला गेले होते तेव्हाची गोष्ट. पुस्तक वाचून केलं होतं. ओल्या कचऱ्याच्या निदान दुप्पट सुका पाला लागतो हे वाचलंही होतं, पण पाला आणायचा आळस केला. आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून वर आल्या. ते प्रमाण आता मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पर्माकल्चर हा शब्द 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी 'पर्मनंट' आणि 'ॲग्रिकल्चर' जोडून केला. त्याचा पायाभूत अभ्यासक्रम 72 तासांचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो दहा ते चौदा दिवसांत घेतात. तेवढी रजा साठवून, थोडी बिनपगारी मागून मिळते. दोन महिन्यांचं त्यानंतर बघ. प्रमाणपत्र मिळेल, पण ती पदवी नाही. त्यावर कुणी नोकरी देत नाही आणि तलाठी तर ते हातातही धरणार नाही. आपल्याकडे शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं आणि ते ठरतं सातबाऱ्यावरून. तुझ्याबरोबर शिबिराला येणाऱ्या शहरी मुलांपैकी निम्म्यांना हे ठाऊक नसेल.

तुझ्याकडे सातबारा आहे. नुसता आहे असं नाही, वाडीही आहे! हे तू पत्रात एका वाक्यात उडवून लावलंस, त्याचा मला खरं म्हणजे राग आला. माड, माडांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल, मध्ये जायफळ, खाली केळी, अननस, सुरण, आणि मोरीचं पाणी जातं तिथे अळू. शिबिरात याला 'थरांची रचना' आणि 'सांडपाण्याचा पुनर्वापर' म्हणून शिकवतील, आकृत्या काढून. गोव्यात कुळागरात, म्हणजे तिथल्या बागायतीत, हेच बघायला मिळतं. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणून डोळे मिटून बसायचं, असं मी म्हणत नाही. ठाऊक असतं तर कोकणातली माणसं मुंबईला गेली नसती. वाडी सुंदर दिसते, पण माडावर चढणारा माणूस मिळत नाही, वानरं शहाळी खाली टाकतात आणि सुपारीला पावसात कोळेरोग येतो. त्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं की नाही यावरून काकांचं आणि तुझ्या शिबिराच्या वहीचं पहिलं भांडण तिथेच होईल. ते होऊ दे.

म्हणून आधी आठ दिवस काकांकडे जा. पाहुणी म्हणून नाही. झाडांना आळी करायला, पातेरा म्हणजे गळलेला पाला गोळा करायला, पाटाचं पाणी फिरवायला जा. शक्यतो जुलैत, नाहीतर मे महिन्यात. डिसेंबरात कोणतंही शेत प्रेमात पाडतं, शिबिरंही त्याच दिवसांत भरतात. तेलंगणाच्या कोरडवाहू जमिनीत तू पडेल तो थेंब अडवायला शिकशील, आणि ते शिकण्यासारखं आहेच. 2017 साली आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर संमेलन हैदराबादला भरलं ते उगीच नाही. पण गुहागरला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथे जुलैत पाण्याला वाट काढून द्यावी लागते आणि एप्रिलमध्ये तिथलीच विहीर तळ दाखवते. कोकणातलं काही बघायचं तर नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग आहे. दरवर्षी नांगरणी-चिखलणी न करता गादीवाफ्यांवर भात घेण्याचं त्यांचं तंत्र तिथे शेतावर बघता येतं. पुण्याहून एका दिवसात जाऊन येशील.

शिबिर निवडताना फोनवर एक प्रश्न जरूर विचार: या शेताचा खर्च मालातून निघतो की शिबिरांच्या फीमधून? फीमधून निघत असेल तर ते वाईट नाही, शाळाही तशाच चालतात. मात्र तिथे तू शाळा चालवायला शिकशील, शेत चालवायला नाही, एवढं लक्षात ठेव. दिवसातले किती तास प्रत्यक्ष काम आणि ते काम कसलं, हेही विचार. दोन महिने भांडी घासून आणि तण काढून आलेली एक मुलगी मला ठाऊक आहे, तिने त्याचे पैसे भरले होते. झोपायची सोय, संडास, मुक्कामाला कुणी बाई शिक्षिका आहे का, साप चावल्यावर विषावरचं औषध मिळेल असं जवळचं सरकारी रुग्णालय किती लांब, हे विचारताना अजिबात लाजू नकोस. आधी जाऊन आलेल्या एखाद्या मुलीचा नंबर माग. द्यायला का-कू केली तर फी भरू नकोस.

वाडीत पुढे काही लावायचं मनात आलं तर त्याआधी सातबारा काढून बघ. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीपासून मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, पण हक्क आहे म्हणून काकांना न विचारता त्यांच्या पोफळीत खड्डे खणता येत नाहीत. आणि काका वीस वर्षं तिथे राबलेत.

राहिली आई. तिच्या बोलण्यात तुला टोमणा ऐकू आला, मला हिशेब ऐकू आला. शेणात हात घालण्याचे तिला कधी पैसे मिळाले नाहीत, आणि तू ते देऊन घालणार म्हणतेस. तिला व्हिडिओ दाखवू नकोस. काकांकडे जाशील तेव्हा तिला बरोबर ने, आणि रोपाला शेण घालायची वेळ आली की तिलाच विचार, ताजं घालू का. ताज्या शेणाने मुळं जळतात हे तिला ठाऊक असणार. पुढे ती काय काय सांगते ते लिहून घे, आणि मला कळव.

तुझी,
ताई