वाचकांचे प्रश्न : कोलोचं कडं कुठे तुटतं?

प्रश्न : माझी बहीण अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहते. तिथल्या क्रोएशियन चर्चच्या हॉलमध्ये तिने गोलातला एक नाच पाहिला. आधी सगळे जागच्या जागी थरथरतात, मग सगळा गोल भिंगरीसारखा फिरतो. आमच्या पॅरिशच्या युवक गटाला नाताळच्या कार्यक्रमात तो बसवायचा आहे. आम्ही १२ जण आहोत आणि हातात तीन आठवडे आहेत. जमेल का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : क्रोएशियात गोलातल्या नाचाला कोलो म्हणतात. वर्णनावरून हा मध्य क्रोएशियातला द्रमेश दिसतो. नावातच थरथर आहे, कारण 'द्रमाती' म्हणजे हलवणे. पावलं दोनच आहेत, त्यामुळे तीन आठवडे पुरतील. मात्र पहिला आठवडा फक्त हात धरण्यात घालवायची तयारी ठेवा. हा नाच पावलांत कमी बिघडतो, पकडीत जास्त.

१२ जणांचा एक गोल करू नका, सहा-सहाचे दोन करा. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या पोटासमोरून हात न्यायचा आणि त्याच्या पलीकडच्याचा हात धरायचा. अशी टोपलीसारखी वीण तयार होते. सगळ्यांचा डावा हात वर, उजवा खाली. एकानेही उलटं केलं तर विणीत पीळ पडतो आणि वेग घेतला की खांदे ओढले जातात. मनगट आवळू नका, बोटांत बोटं अडकवली की पुरे. उंचीने साधारण सारखे असलेले शेजारी-शेजारी घ्या. कच्चा नाचणारा दोन पक्क्यांच्या मध्ये हवा.

थरथर गुडघ्यातून येते, खांद्यातून नव्हे. गुडघे सैल, तळवा जमिनीला टेकलेला, पाऊल जेमतेम सुटेल इतकंच. आपली मुलं इथे हमखास उड्या मारतात. खालच्या मजल्यावर धाडधाड ऐकू आलं तर चुकतंय समजा.

फिरताना गोल डावीकडे जातो, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने. गरब्याची सवय असलेल्यांचे पाय नेमके उलटे पडतात, म्हणून पहिल्या दिवशीच जमिनीवर खडूने बाण काढा. उजवा पाय डाव्याच्या पुढून सपाट टाकायचा, गुडघ्यात किंचित वाकून. डावा चवड्यावर, बाजूला रेटा द्यायला. लहान मूल एका पायाने स्कूटर ढकलतं, तसा. ठोका नेहमी उजव्या पायावर पडतो. अंग फुगडीतल्यासारखं मागे रेललेलं हवं, पण बेताने. एक जण लोंबकळला की बाकी पाच जण त्याला वाहून नेतात आणि दुसऱ्याच फेरीत कडं तुटतं. दुसरा आठवडा निम्म्या वेगाने, तोंडाने मोजत करा. रेकॉर्डिंग तिसऱ्या आठवड्यात लावा.

प्रश्न : अशा नाचाला नाशिक ढोल लावला तर रंगत वाढेल का? – एक ढोलवादक, पंचवटी

उत्तर : नाही वाढणार. द्रमेशची साथ तंबुरित्सा या तारवाद्यांच्या ताफ्याची असते. छोटी बिसेर्नित्सा सूर वाजवते, बेर्दे हा मोठा खर्ज ठोका देतो आणि दोन ठोक्यांच्या मधली जागा बुगारिया भरते. थरथरीला आधार त्या मधल्या जागेचा असतो. बंद हॉलमध्ये ढोल वाजला की ती जागाच ऐकू येत नाही, मग मुलं ठोक्यावर पाय आपटू लागतात.

क्रोएशियात बिनवाद्याचा नाचही आहे. डाल्मेशिया या किनारी प्रांताच्या आतल्या डोंगराळ भागातला 'नियेमो कोलो' म्हणजे मुका कोलो. त्यात वाद्यच नसतं. पावलांचा आवाज आणि बायकांच्या अंगावरच्या नाण्यांची किणकिण एवढ्यावर तो नाचतात. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली. तिथे तर ढोल दाराबाहेरच बरा.

प्रश्न : एकाच कार्यक्रमात तीन वेगळे पोशाख होते असं बहीण म्हणाली. ते का? आणि आम्ही काय शिवावं? (नाशिकरोडच्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : पिट्सबर्गच्या परिसरात क्रोएशियन माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पोलाद कारखान्यांत आणि खाणींत कामाला आली. एकमेकांना अपघात-मृत्यूत मदत करण्यासाठी त्यांनी उभी केलेली क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन १८९४ ची. मिलवेलच्या सेंट निकोलस चर्चमध्ये माक्सो वांका यांनी १९३७ आणि १९४१ मध्ये काढलेल्या भित्तिचित्रांत याच कामगारांच्या शोकाकुल आया दिसतात. पॅरिश एक, पण माणसं क्रोएशियाच्या वेगवेगळ्या भागांतली, म्हणजे स्लावोनिया, डाल्मेशिया, राजधानी झाग्रेबच्या आसपासची अशी नाना गावची. त्यामुळे हॉलमधला गट प्रत्येक भागाचा एकेक नाच घेतो आणि पोशाखही त्या-त्या भागाचा घालतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात कोळीनृत्य, लेझीम, गोंधळ पाठोपाठ येतात, तसंच हे. गल्लत होते ती एका भागाच्या घागऱ्यावर दुसऱ्या भागाचं जाकीट चढवल्यावर. जाणकाराला ते नऊवारीवर दुपट्टा घेतल्यासारखं दिसतं.

द्रमेशसाठी पांढरा पोशाख आणि त्यावर लाल काम पुरेसं आहे. मेन रोडवर मांजरपाट मिळेल. ४४ इंच पन्ह्याचं प्रत्येकी तीन मीटर घ्या, धुऊन आटवा, मगच कापा. ३४ इंच लांबीचे तीन तुकडे कडेला कड लावून जोडले की साधारण १३२ इंचांचा घेर होतो. नेफा आणि खालची दुमड धरून मध्यम उंचीला तेवढं पुरतं. आत खळ घातलेला परकर हवा, नाहीतर फिरताना घागरा पायांना चिकटतो. भरतकामाला वेळ नसेल तर लाल फीत लावा, जरीकाठ मात्र नको. कोल्हापुरी चप्पल दिसायला जवळची वाटते, पण चवड्यावर रेटा दिला की ती निघून जाते. टाचेला पट्टा असलेलं सपाट चामडी पादत्राण घ्या. गुळगुळीत फरशी असेल तर तळाला आतल्या बाजूचं चामडं, खरखरीत भाग बाहेर ठेवून, चिकटवून घ्या.

प्रश्न : गोल केला की निम्म्यांची पाठ प्रेक्षकांकडे होते. यावर उपाय? – एक नृत्यशिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : द्रमेशमध्ये उपाय शोधूच नका, पाठी दिसू द्या. टोपलीची वीण उघडली तर फिरकीच उरत नाही. १९४९ मध्ये झाग्रेबला स्थापन झालेल्या 'लादो'सारखे व्यावसायिक संच रंगमंचासाठी रचना बदलतात, पण त्यांच्याकडे पूर्णवेळ नर्तक असतात. तुम्ही दोन गोल तिरकस मांडा, एक पुढे डावीकडे, एक मागे उजवीकडे. मागचा गोल एका फळीने उंच करता आला तर उत्तम, मात्र फळी हलत असेल तर तो मोह टाळा.