पंखा सारखा घोंघावतो, मोठा कूलर घेऊ का?

प्रश्न : नवा डेस्कटॉप जोडला. नुसता ब्राउझर उघडला तरी प्रोसेसरचा पंखा घोंघावतो, दोन-तीन सेकंदांत शांत होतो आणि पुन्हा सुरू. मोठा कूलर घ्यावा का?

उत्तर : लगेच नको. आजचे प्रोसेसर एखादं पान उघडतानाही क्षणभर पूर्ण वेग घेतात; तापमान ४० अंशांवरून एकदम ६० वर जातं आणि पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावतो. एकसुरी आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगानं फिरावा हे ठरवणारा आलेख, उघडा. ६० अंशांपर्यंत वेग ३०-३५ टक्क्यांवर सपाट ठेवा, ७५ अंशांना ६० टक्के, ८५ ला पूर्ण. ‘स्टेप अप’ची, म्हणजे वेग वाढवण्याआधी थोडं थांबण्याची, सोय असेल तर ३ ते ५ सेकंद द्या. पंखा तीन पिनांचा असेल तर डीसी मोडच (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारा) निवडा. पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेवरच्या संकेतानं वेग ठरवणाऱ्या मोडवर) तो कायम पूर्ण वेगानं फिरतो, आणि ही चूक फार जण करतात. वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलनं उतरतो.

तरीही घरघर राहिली तर बाजूचं झाकण काढून केसचा एकेक पंखा मधल्या गोल भागावर बोट टेकवून क्षणभर थांबवा. पात्यांना हात लावू नका. आवाज थांबला की दोषी सापडला. हार्डडिस्कच्या गुणगुणीला रबरी वॉशर पुरतात. खेळताना ग्राफिक्स कार्डातून येणारी बारीक शिट्टी मात्र पंख्याची नसते, कॉइलची (कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्याची) असते. तिथं फ्रेम रेटला (दर सेकंदाला काढल्या जाणाऱ्या चित्रांच्या संख्येला) मर्यादा घाला.