वडिलांचा जुना फोन अपडेट केला तर स्लो होईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील कागलजवळ गावी असतात. त्यांचा २०२१ मध्ये घेतलेला फोन अँड्रॉइड ११ वर आहे, रॅम ४ जीबी, स्टोरेज ६४ जीबी. डेअरीच्या बिलाचे मेसेज आणि यूपीआय त्याच फोनवर. अँड्रॉइड १२ चं अपडेट कधीचं येऊन पडलंय, पण दुकानदार म्हणतो, "मारू नका, फोन हँग होतोय."

मी कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल रिपेअरिंग करतो. माझं मत: अपडेट मारा. ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात तो जुन्या सिक्युरिटी पॅचवर (सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्तीवर) ठेवणं मला पटत नाही.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते, कारण सगळी ॲप्स नव्या सिस्टिमसाठी आतल्या आत पुन्हा तयार होत असतात. लोक नेमके त्याच दिवशी दुकानात येतात आणि अपडेटला बोल लावतात. दोन दिवस थांबलं तर बहुतेक फोन ताळ्यावर येतात. जे येत नाहीत, त्यांत मला बहुतेक वेळा दोनच कारणं सापडतात: स्टोरेज काठोकाठ भरलेलं, नाहीतर बॅटरी म्हातारी झालेली.

बॅटरीचं लोकांना खरं वाटत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं स्वतः मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सिस्टिमच कमी करते. थकलेली बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही आणि फोन मधेच बंद पडतो, म्हणून ती सोय. बॅटरी बदलली की वेग परत यायचा. तेव्हा कंपनीला बॅटरी बदलण्याचा दरही कमी करावा लागला होता.

म्हणून आधी वडिलांच्या फोनमधलं स्टोरेज बघा. गुड मॉर्निंगचे फोटो आणि भजनाचे व्हिडिओच बरीच जागा खातात. दहा-बारा जीबी तरी मोकळी करा. फोटो आणि नंबर यांचा बॅकअप घ्या, कारण एकदा वर गेलं की मागच्या व्हर्जनवर परतणं बऱ्याच फोनमध्ये जमत नाही, आणि जमलं तरी सगळा डेटा पुसला जातो. पावसाळ्यात गावाकडं लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा बॅटरी निम्म्याच्या वर असल्याशिवाय सुरुवात करू नका.

कुणी म्हणेल, कंपनीचं अपडेट कशाला, लिनिएजओएस (कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं मोफत अँड्रॉइड) टाकून देतो, एकदम नवं अँड्रॉइड मिळेल. लिनिएजओएस चांगलं आहे. ज्याला त्यातलं कळतं त्यानं आपल्या दुसऱ्या फोनवर जरूर टाकावं. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो, त्यात फोन पूर्ण रिकामा होतो आणि नंतर बरीच बँकेची ॲप्स चालायला नकार देतात. गावात एकट्यानं फोन वापरणाऱ्या माणसाला हे देऊ नका.

एक सांगायलाच हवं. अपडेट असलं तरी आरटीओ चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी फसवी एपीके फाईल (ॲप इन्स्टॉल करणारी फाईल) वडिलांनी स्वतः इन्स्टॉल केली, तर पॅच त्यांना वाचवेलच असं नाही. तेवढं त्यांना समोर बसवून दाखवा, फोनवर सांगून कळत नाही.

आता सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन" उघडून सिक्युरिटी पॅचसमोर कुठली तारीख दिसते ती इथं टाका, मॉडेलही लिहा. कंपनी त्या फोनला अजून पॅच देतेय का ते मी बघून सांगतो. देत नसेल, तर हे अपडेट मारूनही बँकेचं काम दुसऱ्या फोनवर हलवावं लागेल.